डॅशबोर्डखालचा काटा

६ मार्च

गाडी आज गॅरेजमधून घरी आली. इंजिनाचं वरचं डोकं उघडून सगळं निस्तरावं लागलं. गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणतात, कारण अंगानं तसाच आहे, लांबोडका आणि दोन्ही टोकांना वाकलेला. म्हणाला, "या खेपेला निभावलं, काकू. परत उकळली तर इंजिन थेट भंगारात."

हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "पाण्याच्या तापमानाचा काटा खोटं दाखवत होता. मी काय करणार?"

पानानं बॉनेट बंद केलं. हे पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाला, "काटा चोख आहे. मी तपासलाय. काकांनी बघितलाच नाही."

ह्यांनी काटा बघितला नाही, हे माझ्या पचनी पडेना. कारखान्याच्या बॉयलरपुढे उभा जन्म काढलेला माणूस. घरात कुकरची शिट्टी लांबली तरी जेवता जेवता मान वर करणारा. वय झालं की माणूस बेफिकीर होतो म्हणतात, तसंच असणार.

लेकीचे दिवस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरतात. ती घाटापलीकडे राहते. तिला सासू नाही, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी वेळेवर पोचले नाही तर तिच्या उशाशी कोण बसणार? तेव्हा गाडी घाट चढली पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे. संध्याकाळी दिवा लावताना तेच मागितलं. पण देवाला सांगून आपण हातावर हात ठेवून बसायचं, हे मला कधी जमलेलं नाही.

७ मार्च

चहाच्या वेळी विषय काढला. पाना म्हणतो, बाजारात वेगळा काटा मिळतो, इंजिनाचं पाणी किती तापलं ते आकड्यांत दाखवतो. माझ्या बाजूला लावून घेऊ म्हटलं.

"कशाला?"

"दोघांची नजर राहील."

"म्हणजे तू आता माझ्यावर सुपरवायझर?"

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"बॉयलरवर एका पाळीला एकच माणूस काटा बघतो. दोघं बघायला लागले की दोघंही बघत नाहीत." एवढं बोलून कप ठेवला, तोही बशी सोडून टेबलावर. चहा सांडला. राग आला की वस्तू अशा ठेवायच्या, ही नवीन तऱ्हा.

मग म्हटलं, बसनं जाऊ. तर म्हणाले, "दारात गाडी असताना लेकीकडे बसनं? जावई काय म्हणेल?" जावई काहीही म्हणणार नाही. तो बिचारा नुसता मान हलवतो.

म्हणजे काटा तर हवा, पण ह्यांना दिसायला नको. या माणसाबरोबर सरळ रस्त्यानं काही करायची सोयच नाही.

११ मार्च

हे दाताच्या डॉक्टरांकडे पायी गेले तेवढ्यात पानाला घरी बोलावलं. काटा वाटोळा, वाटीच्या तोंडाएवढा. पानानं तो पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर धरून दाखवला. "इथे लावू. शर्यतीच्या गाडीसारखं दिसेल."

"मला शर्यत लावायची नाही. तो दिसायलाच नको आहे."

"मग लावता कशाला?"

"मला दिसायला हवा. त्यांना नको."

पाना माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, काकांवर पाळत ठेवताय होय?"

"मी पाण्यावर पाळत ठेवतेय. तू जागा शोध."

अ‍ॅशट्रेच्या खाचेत बसला असता, पण तिथे ह्यांची सुट्टी नाणी असतात, हात सारखा जातो. समोरच्या कप्प्यात लावला तर झाकण उघडं ठेवावं लागणार. शेवटी माझ्या बाजूला डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, गुडघ्यांच्या वर, तोंड माझ्याकडे तिरपं करून लावायचं ठरलं. इंजिनातून आलेली वायर गालिच्याखालून नेली. पानानं काटा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं डकवला आणि हात झटकले. "जन्मात निघणार नाही."

१२ मार्च

जन्म एका दिवसात संपला. गाडी दुपारी उन्हात उभी होती, चिकटपट्टी लोण्यासारखी मऊ झाली. बँकेत जाताना पहिल्याच वळणावर काटा पायावर पडला आणि वायरीला लोंबकळत घोट्यावर आपटायला लागला. मी झटकन वर बाजाराची पिशवी ठेवली.

"काय पडलं?" हे म्हणाले.

"कांदा."

"बघ हं, गडगडत ब्रेकखाली येईल."

पण मान वळवून खाली एकदाही बघितलं नाही. देवाची कृपा म्हणायची. घोटा मात्र काळानिळा झालाय. पानाला फोन केला तर म्हणतो, "होऊन जाईल काकू, उद्या येतो." या माणसाचा उद्या कुठल्या पंचांगात असतो कोण जाणे.

१५ मार्च

पाना काल येऊन गेला. लोखंडी पट्टी वाकवून स्क्रूनं पक्की केली. आज गाडी चालू झाली तशी टकटक सुरू. इंजिन हळू असताना टक, टक. वेग घेतला की कडकडकड. काटा पट्टीवर आपटतो. ह्यांचे कान बॉयलरवाल्याचे. एवढा आवाज सुटणं शक्यच नाही.

"हे काय वाजतंय?"

मी स्तोत्र जरा मोठ्यानं म्हणायला लागले. हे म्हणाले, "तुझं देवाचं आटोपलं की सांग. मला आवाज शोधायचाय."

संबंध दिवस चिडचिड झाली. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं, त्याचाही राग आला.

१६ मार्च

हे गाडी घेऊन गॅरेजात गेले. मी हट्टानं बरोबर गेले. पानानं स्वतःच लावलेल्या वस्तूचा आवाज शोधण्याचं सोंग करायचं होतं. तो बॉनेटखाली शिरला, चाकं हलवून बघितली, दारं आपटून बघितली. पानाला नाटकात कुणी भालदाराचं कामसुद्धा देणार नाही. सारखा माझ्याकडे बघत होता.

शेवटी हे म्हणाले, "सर बाजूला," आणि स्वतः माझ्या जागेवर बसले. डॅशबोर्डच्या खाली हात घालून चाचपायला लागले. हात बरोबर तिथे पोचला, थांबला, जरा फिरला. मग बाहेर आला.

"नाही. इथे काही नाही. पुढच्या चाकाचं काहीतरी असेल," म्हणाले आणि हात पुसत उतरले.

हाताला लागूनसुद्धा कळलं नाही. देवानंच तो हात फिरवला. घरी आल्यावर पहिल्यांदा दिवा लावला, मग चपला काढल्या. क्रम चुकला, पण भावना चुकली नाही.

१९ मार्च

पानाच्या भरवशावर राहिलं तर नातवंड शाळेत जायला लागेल, तरी काटा वाजतच असेल. आज मीच बसले. हे पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. गाडीत डोकं खाली आणि पाय दाराबाहेर अशी आडवी झाले. जुन्या घोंगडीच्या गोल चकत्या कापून काटा आणि पट्टीच्या मध्ये कोंबल्या. स्क्रू सैल करताना पेचकस दोनदा नाकावर पडला. मधेच शेजारीण आली. माझे नुसते पाय बघून म्हणते, "कोण आहे? अहो, बरं आहे ना?"

"कानातली फिरकी पडलीय."

"मिळाली का?"

"मिळाली तर बाहेर येईन."

अंधार पडल्यावर काट्याचा दिवा लागतो, त्याचा हिरवा ठिपका काचेत दिसला असता. म्हणून काळ्या रेक्झिनचं झाकण शिवलं. डॅशबोर्डशी रंग इतका जुळला की मलाच बोटांनी शोधावं लागतं. झाकण वर केलं की काटा, सोडलं की काही नाही. मान अवघडली आहे आणि आज जप राहिला. पण गाडी सुरू करून बघितली, आवाज नाही. पानाला सांगितलं तर म्हणतो, "बघा, होऊन गेलं ना?"

२० मार्च

पहिली खरी चाचणी. मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक उघडं, मान खाली. कुणालाही वाटावं बाई वाचतेय. माझी नजर पुस्तकाच्या वरच्या कडेवरून थेट काट्यावर. सत्तर. ऐंशी. सिग्नलला उभे राहिलो तेव्हा ब्याण्णव, मग पंखा लागला आणि अठ्ठ्याऐंशी. पाना म्हणाला होता, शंभरपर्यंत घाबरू नका, एकशेपाचला गाडी बंद करा.

एकच खंत. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडते आणि बाहेर पडतं नव्वद, नव्वद, एक्याण्णव. लहानपणापासून जप असो की बेरीज, ओठ हलल्याशिवाय मला जमत नाही. आज माळ पूर्ण झाली ती सगळी आकड्यांची. असली माळ देव कुठे जमा करून घेतो कोण जाणे.

२४ मार्च

सूर्य कुठल्या बाजूला उगवला ते बघायला हवं. हे माझं ऐकायला लागलेत. काल बाजाराच्या चढावर काटा पंचाण्णवला गेला. मला सांगता तर येईना, म्हणून म्हटलं, "घसा सुकलाय, जरा थांबा." हे लगेच थांबले. आजही तेच. पूर्वी मी उलटी होतेय म्हटलं तरी म्हणायचे, पुढच्या वळणावर बघू.

बाकी सगळ्यात मात्र बेफिकिरी वाढतच चाललीय. महिन्याचा हिशेब मी पुढे ठेवला की पूर्वी वाचून सही करायचे, एखादी चूक काढल्याशिवाय चैन पडायचं नाही. आता म्हणतात, "तुझं बरोबरच असतं." वर्तमानपत्र मलाच वाचायला लावतात. शेजारीण समोर येऊन उभी राहिली, ती बोलेपर्यंत ओळख दाखवली नाही, तिला राग आला. दिवाणखान्यातला बल्ब मंद आहे म्हणून नवीन आणला, तोही मंदच म्हणतात. आणि आज आपल्याच फाटकाला गाडी घासली. इतकी वर्षं तेच फाटक. म्हणाले, "बिजागरी सैल झालीय, फाटक पुढे आलंय."

मी बिजागरी हलवून बघितली. घट्ट आहे. भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. घाट पार होईपर्यंत ह्यांना दुखवायचं नाही.

३० मार्च

लेकीचा फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणतात कधीही होईल. "आई, उद्याच निघ. बाबांना म्हणावं सावकाश या." सामान बांधलं. पाना येऊन पाणी भरून गेला आणि माझ्याकडे बघून डोळा मारून गेला. ह्यांनी बघितलं नसावं.

१ एप्रिल, लेकीच्या घरी

काल लिहायची शुद्ध नव्हती. क्रमानं लिहिते.

सकाळी निघालो. सपाटीला काटा नव्वदच्या खाली, मी खुशीत. घाट लागला तसा चढायला लागला. त्र्याण्णव. शहाण्णव. पुढे एक लाकडांचा ट्रक रांगत होता, त्याच्यामागे आम्हीही रांगतोय. नव्व्याण्णव. शंभर. ऊन मी म्हणत होतं. माझी दातखीळ बसली. एकशेएक झाले तेव्हा म्हटलं, "मला मळमळतंय. थांबा."

"किती?" हे म्हणाले.

"काय किती?"

"आत्ता शंभर म्हणालीस. नंतर पुटपुटली नाहीस. किती झाले?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "एकशेएक."

"पुढे वळणावर रुंद जागा आहे. तिथवर जाईल." आणि गाडी नेऊन उभी केली, इंजिन चालू ठेवलं. "लगेच बंद करायची नाही. पंखा फिरतोय, ऐक. वाच आता."

मी वाचत गेले. नव्व्याण्णव, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव. गाडी निवत गेली तशी मी तापत गेले.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"कांदा पडला तेव्हापासून. कांद्याला वायर नसते, घासत जाणारा आवाज वेगळा येतो."

"आणि गॅरेजात हात लावलात तेव्हा?"

"पट्टी चांगली बसवली होती. फक्त मध्ये घोंगडी हवी होती. ती तू घातलीस."

इतके दिवस मी नाकावर पेचकस पाडून घेतले, देवासमोर आकड्यांची माळ ओढली, शेजारणीशी खोटं बोलले. म्हटलं, "मग सांगितलं का नाहीत? माझी गंमत बघत होता?"

ह्यांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "तू वाचतेस ते बरं पडत होतं. मला तो काटा दिसत नाही."

"झाकणाखाली आहे, कसा दिसेल?"

"तो नव्हे. माझ्यासमोरचा. ज्याच्याकडे बघेन तिथे डाग असतो. कडेचं दिसतं, मधलं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलोय. दाताचं सांगून गेलो होतो. चष्म्यानं सुधारणारं नाही म्हणाले."

पहिल्यांदा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी ह्यांचा हात धरला. आणि तो हात स्टिअरिंगवर आहे हे मग माझ्या ध्यानात आलं.

"आणि रस्ता?" मी विचारलं.

"रस्त्याच्या कडा दिसतात."

"मध्ये कोण आलं तर?"

"मध्ये ट्रक होता ना. एवढा मोठा ट्रक दिसतो की."

बाजाराच्या रस्त्यावर मुलं सायकली चालवतात. शाळा सुटते तेव्हा आम्ही रोज तिथून जात होतो. मी मान खाली घालून इंजिनाचं पाणी बघत होते. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेत दाबली.

"आता उतारच आहे," हे म्हणाले. "उतारावर गाडी तापत नाही."

"मी तापण्याबद्दल बोलत नाही."

"लेक वाट बघत असेल."

"तिला आई हवी आहे. बातमी नको."

मग जे व्हायचं ते झालं. आम्ही दोघं इतकं भांडलो की ट्रकचा ड्रायव्हर, जो पुढे थांबून चहा पीत होता, कप घेऊन लांब जाऊन उभा राहिला. हे म्हणाले, मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तुला पत्ता लिहिता येत नव्हता. मी म्हटलं, मॅट्रिक मी झालेय, तुम्ही नाही. दोन्ही गोष्टींचा इथे काही संबंध नव्हता. शेवटी गाद्या वाहणारा एक टेम्पो आला. त्याच्या पुढच्या बाकावर आम्ही दोघं मध्ये बोचकं ठेवून बसलो. गाडी वळणावर कुलूप लावून ठेवली. उरलेल्या वाटेत एक शब्द बोललो नाही. टेम्पोवाल्यानं दोनदा विचारलं, "आजी, वाटेत भांडण झालं का?"

मी रोज देवाला विनवत होते, गाडी तापू देऊ नको. त्यानं ऐकलं नाही ते बरं झालं, असं लिहायला हात धजत नाही. पण दुसरं काय लिहू, तेही सुचत नाही.

३ एप्रिल

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी उशाशी होते. देवानं माझी लाज राखली.

जावई मित्राबरोबर घाटात जाऊन गाडी घेऊन आला आणि किल्ली मला परत दिली. त्याला सांगितलंय की तापली म्हणून सोडली. खोटं नाही, पण खरंही नाही. हे दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीला सांगू नको. बाळंतीण आहे."

म्हटलं, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगणार. आपण निघायच्या आत. नाहीतर मी गाडीत बसत नाही आणि किल्लीही देत नाही."

"किल्ली माझी आहे."

"पर्स माझी आहे."

६ एप्रिल

अजून सांगितलेलं नाही. बारशाच्या नावांवर मतं देतात, दुधाच्या उकळीवर मतं देतात, या एका गोष्टीवर तोंड शिवलेलं. बाळाला घ्यायला सांगितलं तर नको म्हणतात. लेक मला म्हणाली, "बाबांना मुलगी झाली म्हणून आवडलं नाही का? ते तिच्याकडे बघतच नाहीत. खिडकीकडे बघतात."

"तसं नाही ग," एवढंच म्हटलं आणि डाळ करपली म्हणून उठले. डाळ करपलेली नव्हती.

किती वेळ झाकू? काटा झाकायला रेक्झिन मिळालं, हे कशानं झाकायचं?

१९ एप्रिल

बारसं आटोपलं, लेकीजवळ राहायला एक बाई मिळाली, म्हणून आज निघालो. सामान गाडीत भरलं. लेक बाळाला घेऊन दारात उभी. मी पर्स काखेत घट्ट धरून फाटकाशी. माझा निश्चय होता, हे बोलले नाहीत तर पिशवी उचलून बसस्टॉपवर जायचं.

हे गाडीपाशी गेले. ड्रायव्हरच्या दाराच्या कडीला हात लावला आणि तसेच राहिले. मग दार पूर्ण उघडून धरलं आणि जावयाला म्हणाले, "या, बसा."

जावई गोंधळला. "मी, बाबा?"

"आम्हाला घरी सोडा आणि उद्या बसनं परत या. आधी ऐकून घ्या." आणि बॉयलरवर पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला चार्ज देतो तसं सांगायला लागले. सरळ उभे राहून, एकेक गोष्ट. क्लच वर धरतो. दुसरा गिअर सकाळी अडतो, ओढाताण करायची नाही. ब्रेक जरा आधी दाबायचा. वायपर एकच चालतो, तो तुमच्या बाजूचा आहे. पाण्याचा काटा चोख आहे, मी त्याला खोटा म्हणत होतो, तो खोटा नव्हता. "आणि हिच्या गुडघ्यांपाशी दुसरा एक काटा आहे. तो हिला विचारायचा. मला दोन्ही दिसत नाहीत. कडेचं दिसतं, मधलं जातं. मला आता गाडी चालवण्याएवढं दिसत नाही."

जावई नेहमीसारखी मान हलवणार होता, पण ती अर्ध्यावर थांबली. लेक "बाबा" म्हणाली. मी पर्स उघडून किल्ली जावयाच्या हातात दिली. ह्यांच्या हातात दिली असती तर त्यांनीच ती दिली असती, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा सुचलं नाही.

हे मागे बसले. स्वतःच्या गाडीत मागे बसण्याची ह्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. काच कशी उतरवायची ते कळेना, मूठ उलटी फिरवत होते. मी वळून म्हटलं, "आधी आत दाबा, मग फिरवा." काच उतरली.

लेक खिडकीशी आली आणि बाळ समोर धरलं. ह्यांनी तोंड फिरवून पुढच्या सीटच्या पाठीकडे बघितलं. लेकीनं ह्यांच्या नजरेचा रोख बघितला. मग एक पाऊल बाजूला सरकली, बाळ जरा वर उचललं, आणि ह्यांच्या कानाच्या रेषेत, डोळ्याच्या कडेशी, धरून उभी राहिली.

"आता?" तिनं विचारलं.

"जरा मागे," हे म्हणाले. "हां. तिथे धर."